दुधाचा ताप

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुमच्याशी भांडायचं माझं राहूनच गेलं.

तुमची नात बाळंतपणाला आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आली आहे. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर एका दुपारी पोरीला हुडहुडी भरली, अंग फणफणलं, ओटीपोटाला हात लावू देईना. ही डिंकाचे लाडू वळत होती. म्हणाली, "अहो, दूध उतरतंय. दुधाचा ताप असतो तो." पोरगी म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम फाइन. उगाच ड्रामा नको." मी गाडीची किल्ली उचलली.

कारण दुधाचा ताप हे शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकले होते. माझी धाकटी बहीण नुकतीच झालेली. आई अंधाऱ्या खोलीत शेगडीशेजारी पडली आहे, धुरीतूनही खोलीला वास येतोय. ती म्हणते, "अहो, हा ताप वेगळा आहे. मला तालुक्याला न्या." तुम्ही ओसरीवर पोथी वाचताय. मान वर न करता म्हणता, "दुधाचा ताप आहे. सुवेर फिटेपर्यंत बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. अंगारा लाव आणि गप पड." सुवेर फिटलं त्या दिवशी आई नव्हती. तुम्ही लोकांना सांगितलंत, देवाची इच्छा. आबा, पूजा मीही रोज करतो, म्हणून विचारतो, देव तुमच्याशी असं कधी बोलला? ठरवलंत तुम्ही आणि नाव त्याचं लावलंत.

इथे डॉक्टरीणबाईंनी पोट एकदा दाबून पाहिलं आणि गर्भाशयात इन्फेक्शन आहे म्हणाल्या. शिरेतून औषध सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला, पोरगी पिझ्झा मागायला लागली. मी देवाला हात जोडले आणि मग तुमच्यावर असा संतापलो की पार्किंगमध्ये बराच वेळ गाडी सुरू करता येईना. एवढंच होतं? हे औषध तेव्हा तालुक्यालाही मिळत होतं. वाटेत नदी नव्हती, घाट नव्हता. वाटेत तुम्ही होतात.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक सांगतो. दाखल करताना नर्सनं विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? मी नाही म्हणालो. पोरगी घाबरेल म्हणून, असं हिला सांगितलं. तसं नव्हतं. चारचौघांत तुम्हाला झाकायची माझी सवय अजून गेलेली नाही.