अष्टमीच्या दिवशी मी घरी नव्हते

आई, त्या सकाळीही मी आधी चूल पेटवली. चहाचं आधण ठेवलं, गल्लीतल्या नळाला घागर लावून आले, अंगणात सडा टाकला आणि चहा उकळेपर्यंत ज्वारीचं पीठ चाळून ठेवलं. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. तू आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, धान्याच्या कणगीमागे बसलेली असायचीस. वर्ष पुरं होईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं आत्याने ठरवून दिलं होतं. आपल्यात तसंच करत. भाकऱ्या थापायला तेवढी चुलीपाशी यायचीस. बाहेरचं सगळं माझ्याकडे होतं. मी अकरा वर्षांची होते आणि माझी शाळा तेव्हाच सुटली. तर चहाचा कप घेऊन मी आत येते आणि कोपरा रिकामा. गोधडी घडी करून ठेवलेली. मागचं दार नुसतं लोटलेलं.

मी हाका मारल्या नाहीत. कप तिथेच ठेवला आणि धावत शेजारच्या गल्लीत आत्याकडे गेले. "आत्या, आई घरात नाहीये गं." आत्या अर्धी वेणी हातात धरून तशीच निघाली. आम्ही मागच्या दाराशी पोचलो तेव्हा तू कालव्याकडून परत येत होतीस, अनवाणी, पदर खांद्यावर उतरलेला. "कुठं गेली होतीस?" "कालव्यापर्यंत." "कशाला?" "वारं सुटलं होतं," एवढंच म्हणालीस. "वारं सुटलं होतं म्हणे! कुणी बघितलं असतं तर? नवरा गेला नि बाई फिरायला मोकळी झाली, म्हणायचे." त्या दिवसापासून मागच्या दाराला बाहेरून कडी लागली आणि ती लावायचं काम माझ्याकडे आलं. तू मला मारलं नाहीस. संध्याकाळी भाकरी थापताना नुसतं विचारलंस, "तिला कशाला सांगितलंस गं?" मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. आता सत्तेचाळीस वर्षांची आहे, तुझा प्रश्न अजून तसाच आहे.

उरलेले महिने मी तुला वाचून दाखवण्यात घालवले. पुस्तकं कुठली आपल्याकडे. किराणा ज्या कागदांत बांधून यायचा ते मी उलगडून, हाताने सपाट करून वाचायची. अर्धी बातमी, कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण, कापडाची जाहिरात. एकदा शेंगदाण्याच्या पुडीचा कागद भूगोलाच्या पुस्तकातला निघाला. दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाचं वर्णन होतं. तिथे वारा इतका की झाडं एकाच अंगाला वाकून वाढतात, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तू कोपऱ्यातून म्हणालीस, "अगं बाई, मग तिथं डोक्यावर पदर कसा राहत असेल?" आपण दोघी हसलो. त्या वर्षातलं तेवढंच हसणं माझ्या लक्षात आहे. तुला अक्षर येत नव्हतं, पण तिथी यायची. भिंतीतल्या झरोक्यातून चंद्राचा तुकडा दिसला की मला सांगायचीस, "दिवस मावळताना अर्धा वर आलेला असला तर शुद्ध अष्टमी. पहाटे दिसला तर वद्य. आकाराकडं बघू नकोस, वेळेकडं बघ." पंचांग बघायला कुणाच्या दारी जायची सोय नव्हती, म्हणून तू मला हे शिकवलंस.

तू गेल्यानंतरचं तुला काही माहीत नाही. लग्न झालं, मुलगी झाली, आणि यांच्या नोकरीपायी आम्ही आठ वर्षांपूर्वी डेल्फ्टला आलो. नेदरलँड्समधलं हे गाव फलटणएवढंच असेल. कालवे मात्र आपल्यापेक्षा पुष्कळ. हे कामाला गेले की मी सायकलवर लायब्ररीत जायची आणि लहान मुलांच्या फडताळापासून सुरुवात करून डच शिकले. तिथेच एका चित्रांच्या पुस्तकात ती वाकलेली झाडं सापडली. पॅटागोनिया. मी यांना शेंगदाण्याच्या कागदाची गोष्ट सांगितली. हे म्हणाले, "मग एकदा बघूनच येऊ की तुझ्या आईचा पदर राहतो का ते." खरंच एका प्रवासी कंपनीत दोन जागा राखून ठेवल्या. त्या दिवाळीत यांचं दुखणं निघालं, प्रवास वर्षभर पुढे ढकलला, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर हे गेले.

माझ्या सासूबाई पुण्यात धाकट्या दिरांकडे असतात. त्यांनाही मी आईच म्हणते, पण "अहो आई". वाईट नाहीत त्या. स्वतःही त्यातून गेलेल्या आहेत. "तू तिकडं एकटी आहेस, कोपऱ्यात बस म्हणत नाही मी," त्या फोनवर म्हणाल्या, "पण वर्ष होईतो घर सोडून मुक्कामाला जाऊ नकोस. दिवा चुकवू नकोस." मी हो म्हटलं. सहा महिने दिवा लावला, पडदे उघडले, पडदे मिटले. मुलगी टिलबर्गला शिकायला होती. मग प्रवासाच्या ऑफिसमधून पत्र आलं, दोघं येणार का म्हणून. मी सायकलवर जाऊन त्यांना सांगून आले, एकटी येईन. पुण्याला कळवलं नाही. रविवारचा फोन तिथूनही करता येईल, आवाज काय कुठूनही सारखाच येतो, असं मनाशी म्हटलं. दीर म्हणाले होते, "वहिनी, वर्षश्राद्धाला सकाळी मी फोन लावून ठेवतो, संकल्प तुमच्या कानावर पडेल." मी म्हटलं, "लावा, मी घरीच आहे." कोणत्या दिवशी, हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. स्वयंपाकघरातल्या डच कॅलेंडरवर यांच्या जाण्याच्या तारखेला मी गोल केला होता आणि परत आल्यावर चार दिवस हातात उरत होते. इतकी वर्षं तारखांवर जगल्यावर श्राद्ध तिथीला असतं, हे माझ्या डोक्यातून निघूनच गेलं.

आम्ही बाराजण होतो, बाकीचे सगळे निवृत्त डच लोक. माझ्याबरोबर खोलीत एनस्खेडे गावच्या एक बाई होत्या, जन्मभर इस्पितळात परिचारिका होत्या. दिवसच्या दिवस खडीच्या रस्त्यावरून बस जायची आणि दोन्हीकडे काही नाही, पिवळं गवत, तारेचं कुंपण, आभाळ. उतरताना ड्रायव्हर ओरडायचा की दार दोन्ही हातांनी धरा, नाहीतर वारा उपटून नेईल. सहाव्या दिवशी समोरून गेलेल्या ट्रकचा दगड उडून बसची पुढची काच फुटली. नवी काच शहरातून यायची होती, आणि शहर एक दिवसाच्या वाटेवर. मेंढपाळाच्या एका पत्र्याच्या घरात आम्हाला ठेवलं. फोन नव्हता, एक रेडिओ होता, तो शेजारच्या वाडीपर्यंत पोचायचा, आणि शेजार म्हणजे तीस मैल. छप्पर रात्रंदिवस धडधडत होतं. घरमालकीण एक कडू चहा भोपळ्याच्या भांड्यात करून द्यायची, त्यात एकच नळी, ती सगळ्यांच्या तोंडून फिरायची. मी पहिल्या दिवशी उष्टं नको म्हणून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका बाई म्हणाल्या, "चल, त्या झाडांपर्यंत जाऊन येऊ. इथे बसून हाडं गंजतील." शंभर पावलांवर पॉप्लरच्या झाडांची रांग होती, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली. आम्ही कुंपणाची तार धरून निघालो. माझा रुमाल गेला, मग केसांचा चाप गेला. अर्ध्यात मला उभंच राहवेना, मी गवतात खाली बसले, आणि त्या माझ्यावर आपटल्या. त्यांचं वय साठीच्या वर, माझं तर यांच्यामागचं वर्षही सरलेलं नव्हतं. दोघी लोळत हसत होतो. परत आलो तेव्हा मालकिणीने नळी पुढे केली आणि मी प्यायले. सबंध दुपार मी खिडकीशी बसून वारा बघत होते. मला काही नको होतं.

पाच-सहा वाजता, लख्ख उन्हात, उत्तरेकडच्या टेकडीवर चंद्र दिसला. अर्धा. पृथ्वीच्या त्या खालच्या टोकाला चंद्रही उलटा दिसतो, भरायची ती बाजू सोडून भलत्याच बाजूने भरलेला, म्हणून क्षणभर वाटलं वद्यातला आहे. मग तुझं आठवलं, वेळेकडे बघ. दिवस अजून मावळायचा होता. म्हणजे शुद्ध अष्टमी. महिना कुठला, हे बोटांवर मोजलं. माघ. मी पुन्हा मोजलं. तारखेला अकरा दिवस होते आणि यांची तिथी, माघ शुद्ध अष्टमी, आज होती, आणि पुण्यात तर ती उलटूनही गेली होती. तिकडे मध्यरात्रही होऊन गेली असणार. सकाळी दिरांनी फोन लावला असणार. डेल्फ्टच्या बंद घरात तो वाजत राहिला असणार.

मी मालकिणीकडे रेडिओ मागितला. तिने हात हलवले. ड्रायव्हर म्हणाला, काच उद्या, नाहीतर परवा. मी त्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारू लागले. सात पावलं होती. परिचारिका बाई पलंगावर उठून बसल्या. "कुणी गेलं का?" "माझे यजमान." "अरे देवा! कधी?" "मागच्या वर्षी." त्यांनी सरकून मला जागा केली. मी पाव आणि थोडा मुरंबा ताटलीत घेऊन मागच्या दाराबाहेर ठेवायला गेले. तिथे कावळा नव्हता. मी हात काढला तसा वाऱ्याने पाव उचलला, आणि ताटलीही त्याच्यामागे गेली. दार ओढून घेताना मला दोन्ही हात लागले.

काच तिसऱ्या दिवशी आली. शहरात पोचल्यावर मी आधी मुलीला फोन केला. "ममा, फायनली! काकाने मला फोन केला, तू उचलत नाहीस म्हणून. आजी रडत होती. मी सांगितलं तुला हाय फीव्हर आहे, तू झोपलीयेस. डोन्ट वरी, मी हँडल केलंय." मी म्हटलं, "अगं, खोटं कशाला सांगितलंस?" ती म्हणाली, "मग काय सांगू? खरं?" आई, माझ्या मुलीने माझ्यासाठी दार झाकून घेतलं होतं.

पण आता मी त्या तापात अडकले आहे. परत येऊन महिना झाला. रोज सकाळी दहाला पुण्याहून फोन येतो. "उतरला का गं?" "कमी आहे, अहो आई." "डॉक्टर काय म्हणतो?" "पॅरासिटामॉल घ्या म्हणतो." "हे काय डॉक्टर म्हणायचे! नाडी नाही बघत? तू तशी पडलेली आणि आम्ही इकडं पानं वाढून जेवलो, मला घास गिळेना." मी हूं म्हणते. वाऱ्याने माझं तोंड भाजून काळं झालंय, आणि इथल्या आपल्या बायका दारात येऊन म्हणतात, "अय्या, किती ओढल्यात हो तापाने!" मऊ खिचडीचे डबे आणतात. परवा तीन डबे झाले. लायब्ररीत गेले तर कुणीतरी बघेल आणि पुण्याला कळेल म्हणून मी लायब्ररीतही जात नाही. सायकल जिन्याखाली आहे. दुपारी चारलाच पडदे ओढते. कडी कुणी बाहेरून लावलेली नाही, हे मला दिसतं.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवणारी मीच. म्हणून जे कुणाला सांगितलं नाही ते लिहून टाकते. तिथी चुकली याचं मला वाईट वाटलं, पण आज रडू येतं ते त्याचं नाही. चंद्र दिसेपर्यंत, त्या दिवशी सकाळपासून, मी सुखात होते. यांची आठवण आली नाही असं नाही, पण ती आल्यावरही मी हसतच होते. वारं सुटलं होतं, एवढंच मला त्याचं कारण सांगता येईल.

वरचं लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दहा वाजायच्या आधी, मीच पुण्याला फोन लावला आणि सासूबाईंना सांगितलं की मला ताप आलाच नव्हता, आणि अष्टमीच्या दिवशी मी कुठे होते.