वाघ किती फुटांवर

बाबा, बाईला वाघ दाखवायचा राहून गेला होता, तो यंदा दाखवायचाच असं मी मनावर घेतलं. बाई म्हणजे तुमची लेक, माझी धाकटी बहीण. आता ती आष्टीला सुनेजवळ असते आणि तिला काचबिंदू झाला आहे. तुमच्या काळी हा शब्द आपल्या घरात नव्हता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जितके दिवस टिकेल तितके दिवस टिकवायची. किती दिवस, असं मी तीनदा विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. तेव्हापासून मला एकच घोर लागला. तिने अजून वाघ पाहिलेला नाही, आणि त्याला कारण मी आहे.

तुम्हाला तो सोमवार आठवत असेल. रविवारचा बाजार आटोपला की सोमवार तेवढा आपला मोकळा दिवस, साऱ्या भाजीवाल्यांचाच तसा असायचा. म्हणून तुम्ही आम्हा दोघांना सोमवारी सिंदीहून गाडीत बसवून नागपूरला नेलं. बाई सहा वर्षांची, मी चौथीत. ती गाडीत पूर्ण वेळ विचारत होती, "बाबा, वाघ आपल्याले पाह्यल का?" तुम्ही म्हणत होता, "पाह्यल ना, तुलेच पाह्यल." आणि बागेच्या फाटकाला कुलूप. आपण उभे आहोत, तुम्ही डोक्यावरची टोपी हातात घेतली आहे आणि फाटकावरच्या माणसाला म्हणता आहात, "साहेब, लेकरं लांबून आली, एक चक्कर मारून येतो." तो म्हणतो, "सोमवारी बंद असते काका. जनावराईलेबी सुटी लागते." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू तं शाळेत जातं. तुले ठाऊक नव्हतं?" मी म्हटलं, नाई. बाबा, मला ठाऊक होतं. गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं. पण मी बोललो असतो तर तुम्ही बेत मोडला असता, कारण सोमवारशिवाय दुसरा दिवस तुमच्याकडे नव्हता, आणि मला आगगाडीत बसायचं होतं. बाई परतीच्या गाडीत रडत नव्हती, नुसती खिडकीला नाक लावून बसली होती. तुम्ही मला एकच वाक्य बोललात. "नव्या बाजारात माल न्यायच्या आधी मी एकदा रिकाम्या हातानं जाऊन पाह्यतो, आज नाई पाह्यलं." रागावला होतात ते स्वतःवर, आणि मी ते होऊ दिलं. पुढं मला सहावीतून काढलं ते वावरात माणूस कमी पडत होता म्हणून, हे मला माहीत आहे. तरी कधीकधी वाटतं, शाळेत जाणारं पोरगं फाटकाची वेळसुद्धा सांगू शकत नाही, हे तुमच्या मनात राहिलं असेल.

या दिवाळीच्या सुट्टीत मुलानं सहल काढली. तो वर्ध्यात नोकरी करतो, नालवाडीला घर बांधलं आहे. त्याची मुलगी नववीत. तिला मासे पाहायचे होते, सुनेला प्राणिसंग्रहालय, मुलाला कुठंही चाललं असतं पण भांडण नको होतं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आता तुम्हीच ठरवा. कोणतं झू, कोणतं मत्स्यालय, सारं तुम्ही सांगा. आम्ही मुकाट्यानं येतो." त्याला वाटलं, म्हातारा घाबरेल आणि सोडून देईल. मी घाबरलोच. चार दिवस कोबीला पाणी कोण देणार, गाडी चुकली तर काय, बाईचा पाय घसरला तर काय, हे सगळं माझ्या डोक्यात आलं. पण मी एक वही काढली आणि म्हटलं, ठरवतो. बाई येणार असेल तर ठरवतो.

माझा हिशेब सरळ होता. जिची नजर कमी, तिला जनावर जवळून दिसलं पाहिजे. म्हणून मी फोन लावू लागलो. नातीनं नंबर शोधून दिले. नागपूरला लावला, मुंबईला लावला, हैदराबादला लावला. सगळीकडे पहिला प्रश्न, सोमवारी उघडं असते का. दुसरा प्रश्न, वाघ कठड्यापासून किती फुटांवर असते. हैदराबादचा माणूस भला होता. "चाचा, शेर को नापने कौन जाएगा?" म्हणाला, आणि मग त्यानंच सांगितलं की मध्ये खंदक आहे, वाघ मोकळा फिरतो, त्यामुळं बराच लांब असतो. मी वहीत हैदराबादवर काट मारली. नात सोफ्यावर लोळून हसत होती. "आजोबा, तुम्ही वाघ पाह्याले चालले की वाघाले सदरा शिवाले?"

मग तुमच्याच रीतीनं मी एकटा रिकाम्या हातानं नागपूरला जाऊन आलो. मंगळवारी गेलो. वाघाच्या पिंजऱ्यासमोर कठडा होता. कठड्यापासून जाळीपर्यंत किती, ते नजरेनं मोजलं, फाटकापासून चालायचं किती, ते पावलांनी मोजलं, बसायला बाक कुठं आहेत ते लिहिलं. परत आलो तो एकदम निश्चिंत. नागपूर. जवळ आहे, पिंजरा जवळ, घरी संध्याकाळी परत. मुलाला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "चार दिवसांची सुट्टी घेतली ना मी, अना तुम्ही सिंदीहून दोन स्टेशनं पुढं नेऊन राह्यले आम्हाले." मी म्हटलं, मी ठरवायचं ठरलं आहे.

बाईला बेत सांगायला मी आष्टीला गेलो तो तिथला बाजाराचा दिवस होता. ती नातवाचा हात धरून बाजारात आली होती. मी पार त्या टोकाला, मिरचीवाल्यांच्या मागं उभा. मध्ये शंभर माणसं, पालं, बैल. आणि ती एवढ्या लांबून ओरडली, "भाऊ! टोपी उलटी घातली काय रे?" टोपीची शिवण खरंच पुढं आली होती. मी चकित होऊन हात वर केला, आणि ती माझ्याकडे सरळ चालत निघाली ती पायाजवळच्या टमाट्याच्या टोपलीत. टोपली कलंडली. बाई टमाटे वेचायला खाली बसली, आणि हाताजवळचा टमाटा तिला सापडेना.

"तुले मी दिसलो अना हे टोपलं नाई दिसलं?" मी विचारलं.

"अरे, पाइपातून पाह्यल्यासारखं दिसते मले," ती म्हणाली. "समोर राह्यलं तेवढं साफ. बाजूचं सारं काळं. तू लांब होता तं अख्खा दिसला. आता जवळ आला तं नुसतं नाकच दिसून राह्यलं तुहं. अना ते काई पाह्यण्यासारखं नाई."

टमाटेवाली हसली. मी हसलो नाही. मी तिला तिथंच उभं केलं आणि दहा पावलं मागं गेलो. "आता?" "आता गळ्यापर्यंत." वीस पावलं. "आता पोटापर्यंत. काऊन रे, नाचून राह्यला का?" चाळीस पावलांवर मी तिला अख्खा दिसलो, पायातल्या चपलेसकट. बाजारातली माणसं पाहत होती की हा म्हातारा उलटा कुठं चालला आहे. बाबा, तुम्ही वावर पाहायला धुऱ्यावर, पार बांधाच्या कडेला जाऊन उभे राहायचात, झाडाजवळ नाही, आणि मी साठ वर्षं भाजी पिकवून प्रत्येक वांगं डोळ्याशी धरत आलो. नागपूरच्या कठड्याशी बाईला उभं केलं असतं तर तिला वाघाचा एक पट्टा दिसला असता. एखादी मिशी. आणि माझं मन राखायला ती म्हणाली असती, दिसला.

घरी येऊन वहीतली हैदराबादवरची काट मी खोडली. आता माझी खात्री होती, आणि खात्री असली की मी कुणाचं ऐकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मुलगा म्हणाला, "आतेबाईले दिसत नाई, अना तुम्ही सगळ्यात लांबचा वाघ निवडला?" सून म्हणाली, मामंजींनी पुन्हा एकदा विचार करावा. मी विचार केला होता. माशांचंही तसंच. नातीला डोक्यावरून मासे फिरतात असा काचेचा बोगदा हवा होता. मी म्हटलं, त्यात चारी बाजूंनी पाणी, सगळं नाकाजवळ, बाईला काही दिसायचं नाही. मला एकच मोठी काच पाहिजे आणि तिच्यासमोर मागं सरायला जागा पाहिजे. त्या शहरात तसं एक मत्स्यालय नातीनंच शोधलं, फोटो दाखवले, आणि मग तोंड फुगवून बसली. "तुमची बाई, तुमचा वाघ, अना मासेबी तुमचेच." तिचं चुकत नव्हतं. रिकाम्या हातानं हैदराबादलाही जाऊन यावं असं माझ्या मनात होतं, पण मुलानं हात जोडले. "वाघ पाह्याले जायच्या आधी वाघ पाहून यायचा? बसा आता."

हैदराबादला मत्स्यालय पहिल्या दिवशी. मी बाईला काचेपासून लांब, मागच्या भिंतीला टेकवून उभं केलं. लोक मध्ये येत होते. मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि म्हणू लागलो, "जरा सरका बाप्पा, मागच्या माणसाले दिसू द्या." मुलगा दुसरीकडे तोंड करून उभा होता, जणू मी त्याचा कुणी नाही. थोड्या वेळानं नात माझ्या शेजारी आली आणि तिनंही हात पसरले. मागून बाईचा आवाज येत होता, "पिवळा गेला. अबब, हा तं परातीएवढा हाये. अरे, याले कोण खाते?"

दुसऱ्या दिवशी बुधवार. फाटक उघडं होतं, तरी मी आत शिरेपर्यंत धाकधूक होती. वाघाच्या खंदकाशी पोचलो, तर वाघ नाही. बांबूच्या बेटामागं काहीतरी पिवळं पडलेलं, तेवढंच. सून म्हणाली हत्ती पाहून येऊ, मुलगा म्हणाला दुपार होईल. मी म्हटलं, तुम्ही जा. नातीनं कठड्यापाशी थांबते म्हणून सांगितलं, तिला फोटो हवा होता. मी बाईला मागं नेलं. कठड्यापासून वीसेक पावलं मागं, चढावर, एक दगडी ओटा होता. तिथून माणसांच्या डोक्यांवरून खंदकापलीकडचं दिसत होतं. बसलो. अर्धा तास गेला. मी घडीघडी उठून कठड्यापर्यंत जात होतो आणि चढ चढून परत येत होतो. एवढ्या लांब आणलं, एवढ्यांना ऐकवलं, आणि वाघ झोपलेला. आज ती म्हणेल, जाऊ दे भाऊ, आणि ते मला फाटकावरच्या कुलपापेक्षा जड जाईल.

"भाऊ, येवढा काऊन धापून राह्यला?" तिनं विचारलं. "तो त्याच्या सवडीनं उठन."

तेव्हा मी तिला सांगितलं. गुरुजींनी सोमवारचं सांगितलं होतं ते, आणि मी तुमच्याजवळ खोटं बोललो ते. ती ऐकत होती, मान खंदकाकडेच. मला वाटलं, काही बोलेल. ती म्हणाली, "थांब." माझं मनगट घट्ट धरलं. "उठला. भाऊ, उठला! आळस देऊन राह्यला. बाप्पा, पाठ पाह्य त्याची. आता येऊन राह्यला इकडं... अख्खा दिसते रे. शेपटीसकट अख्खा. डाव्या कानाचं टोक नाई त्याचं, कोनं चावलं असन. तुले दिसते ना?"

"दिसते," मी म्हटलं.

ती बराच वेळ बोलत राहिली, वाघ कसा पाय टाकतो, कसा पाण्याशी वाकला. मग म्हणाली, "गेला. बांबूत गेला." आणि मग माझं मनगट सोडून, "सोमवारचं मले माहीत होतं. तू झोपेत बडबडत होता लहानपणी. बाबाले मी नाई सांगतलं."

कठड्यापाशी नातीनं काढलेला फोटो तिनं मोठा करून दाखवला. वाघाच्या डाव्या कानाचं टोक नव्हतं. म्हणजे बाईनं खरंच पाहिलं होतं, माझं मन राखायला नाही. मी तो फोटो दोनदा मागून घेतला.

आता ती आष्टीला सगळ्यांना सांगते, आम्ही बहीणभावानं वाघ पाहिला, आणि मला साक्षीला घेते. मी मान हलवतो. हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे आणि नातीच्या हाती लागू देणार नाही, कारण ती फोनवर बाईला सगळं वाचून दाखवते. बाबा, तो उठून चालत होता तेवढा वेळ मी बाईच्या डोळ्यांकडे पाहत होतो, ते त्याच्याबरोबर कसे सरकतात ते. मी वळलो तेव्हा बांबू हलत होते. तो वाघ मी पाहिलाच नाही.