सागाला पानं फुटली तेव्हा

बाबा, यंदा मी गावात इंटरनेट आणलं आणि त्याचा खांब आपल्या बौद्धपुऱ्यात, विहाराच्या स्लॅबवर उभा केला. तो तिथून काढ, असं मला तीनदा सांगून झालं. मी काढलेला नाही आणि काढणारही नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कायले वाद घालतं माय, त्याइले पायजे तिथं लावून दे." म्हणूनच तर हे लिहायला बसले.

तुम्ही टेलिफोन खात्यात लाइनमन. उन्हाळ्याच्या सुटीत मी तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून फिरायची. एक दुपार डोळ्यांपुढून जात नाही. वरच्या आळीतल्या माडीवाल्यांच्या घरी तुम्ही फोन दुरुस्त करताय, रिसीव्हर कानाला लावून केनवडच्या एक्स्चेंजशी बोलताय, हसून सांगताय की झाला चालू. घरची बाई ओलं फडकं आणते, रिसीव्हर खालीवर पुसते आणि मगच स्वतःच्या कानाला लावते. मी दहा वर्षांची. विचारून बसते, "काहून पुसून राह्यल्या?" बाहेर आल्यावर तुम्ही केवढे चिडलात! "पुन्हा तोंड उघडलं तर आननार नाही तुले. आपलं काम फोन चालू कराचं. आपन गप राहाचं." बाबा, त्या दिवशी मला त्या बाईपेक्षा तुमचीच जास्त लाज वाटली. आज स्पष्ट सांगते.

मी इंटरनेटच्या कंपनीत, माझ्या कामात तार नाही. शिरपूरकडे टॉवर आहे, तिथून गावातल्या खांबावरच्या एका डब्यावर सिग्नल येतो आणि तिथून घराघरांत जातो. टॉवरवरचा डबा एका कंपनीचा, आपला दुसरीचा. पण दोघांनी एकच मानक पाळलं की एकमेकांशी बिनतक्रार बोलतात. लहरींचा पट्टा कोणता, ताकद किती, कुणी कधी थांबायचं, सगळं त्या मानकात लिहिलेलं आहे. डबा कुणाच्या घरावर लावायचा, एवढं मात्र कुठंच लिहिलेलं नाही. अट एकच, दोन डब्यांच्या मधे काही आडवं यायला नको.

चैत्रात पाहणी झाली. त्याच माडीवाल्यांचा मुलगा, आता त्याचेही केस पिकलेत, म्हणाला, डबा आमच्याच माडीवर बसेल. बसवला. हिरवे दिवे लागले, पेढे वाटले. आषाढात समोरच्या शेताच्या धुऱ्यावरच्या सागांना ताटाएवढी पानं आली आणि नेट गेलं. हा सिग्नल ओल्या पानांतून पार होत नाही. "तुयं मशीनच बोगस हाय," तो मला फोनवर म्हणाला. शाळेचं छतही त्याच झाडांमागे. फक्त विहाराच्या स्लॅबवरून टॉवर मोकळा दिसतो. एका दुपारीत मी सगळं तिकडे हलवलं.

मग तो दोघा जाणत्यांना घेऊन आला. "गावात दुसरी जागा नाही काय? तिथूनच कायले?"

"तिथून दिसते म्हणून."

"तुया साहेबासंग बोलतो मी. नोकरी जाईन."

"बोला ना. खांब उतरला तं तुमच्या घरचं बी बंद होईन."

तो बोललाच. ऑफिसातून निरोप आला, जरा सांभाळून घ्या. मी तिन्ही छतांवरून काढलेले फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, हा खांब मी उतरवणार नाही, दुसरा माणूस पाठवा. अजून कुणी आलेलं नाही. उद्या येईलही. आला तर मी स्लॅबवर जाऊन बसणार आहे. आज वरच्या आळीतला प्रत्येक फोन आपल्या विहारावरून बोलतो, बाबा. पुसा म्हणावं आता काय पुसायचं ते!

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. चैत्रात माडीवर उभी होते, तेव्हाच मला दिसलं होतं की समोरची झाडं सागाची आहेत आणि त्यांना पानं येणार आहेत. ते सांगणं माझं कामच होतं. मी बोलले नाही. त्यांची फजिती व्हावी असं वाटत होतं. तुम्ही भीतीनं गप्प राहायचात, मी मुद्दाम राहिले. नेट बंद होतं त्या दिवसांत कॉलेजचे अर्ज भरायला पोरी चिखल तुडवत जऊळक्याला गेल्या, आपल्या पुऱ्यातल्याही गेल्या. दोघींची तारीख हुकली. खांबाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. त्या दोघी रोज विहारात अभ्यासाला येतात, ताई म्हणतात, आणि मी अजून त्यांच्याशी नीट बोलू शकत नाही.