आंबोळीविषयी वरपक्षाचे म्हणणे

मुलुंड (पूर्व),
रविवार, सकाळ

आदरणीय देवदत्तराव यांस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो. परंतु गुडघ्यांच्या सद्यःस्थितीत जे शरीर घालू शकत नाही ते लेखणीने घालणे असत्य ठरेल. म्हणून उभ्यानेच, पण तितक्याच आदराने, नमस्कार. विहीणबाईंचा खोकला कसा आहे? ज्येष्ठमधाची काडी धरावी, असे मी सुचविले होते. (ती त्यांनी धरली नसणार. आमच्याकडेही माझ्या सूचनांची गती हीच आहे.) इकडे सर्व क्षेम.

आता मुख्य विषय. माझा नातू सर्वेश व आपली नात स्वरदा यांच्या लग्नाची बोलणी करण्यास मी सावंतवाडीस आलो, त्या दिवसापासून आपण माझ्या प्रत्येक संदेशास ‘ठीक’ एवढेच उत्तर देत आहात. व्याह्याने व्याह्यास नुसते ‘ठीक’ म्हणणे, म्हणजे पंगतीत पुरणपोळी वाढून तुपाची वाटी मुद्दाम पुढच्या पानाकडे नेणे होय. कारण मला ठाऊक आहे. तळ्याकाठी आंबोळ्यांची गाडी लावणाऱ्या विमलाबाईंनी स्वरदाच्या लग्नात रांधावे, असे आपण तिच्या बारशालाच त्यांना सांगून ठेवले होते. आणि मी, वरपक्षातील ज्येष्ठ या नात्याने, ‘आमच्या मुंबईच्या पाहुण्यांना हे चालणार नाही, मांडवात घाटकोपरसारखी खाऊगल्ली उभारा’ असे म्हणालो. आपण वाद घातला नाहीत. ‘आपल्या इच्छेप्रमाणे’ म्हणालात आणि कोल्हापूरच्या कंत्राटदाराला फोन केलात. आपण भांडला असतात, तर मला झोप लागली असती.

माझे मत निराधार नव्हते, हे आपणास पटावे म्हणून दोन्ही बाजारांची तुलना करतो. प्रथम सावंतवाडी. आपले गाव वारसा जपणारे आहे, हे तळ्याकाठचे जुन्या धर्तीचे दिवे आणि त्यांखालचे फलक सांगतात. (फलकांवरील शुद्धलेखनाविषयी मी नगरपालिकेस स्वतंत्र पत्र लिहिले आहे.) समोर राजवाडा, पाण्यात त्याचे प्रतिबिंब आणि त्या दोहोंकडे पाठ करून स्वतःचेच छायाचित्र काढणारे प्रवासी. इथवर सर्व ठीक. (पाहा, मीही तोच शब्द लिहिला.) परंतु विमलाबाईंच्या गाडीवर ना दरपत्रक, ना पाटी, ना निवड. मी विचारले, ‘आपल्याकडे काय काय मिळते?’ त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, ‘तुमका आंबोळी.’ ग्राहकाने काय खावे हे विक्रेत्याने ठरवावे, ही कोणती व्यापारनीती? मी आक्षेप घेऊ लागलो, तर काळ्या वाटाण्याचे सांबारे माझ्या पानात ओतीत बाई म्हणतात, ‘आजोबानु, आधी खावन बघा, मगे काय ता बोला.’ त्यात पुन्हा आपले गाव जेवणाआधी चौकशी करते. मुलगा कोणाचा, मुक्काम कुठे, साखर आहे का. (रक्तातली. चहातली नव्हे.) माणसाला चारचौघांत निनावी राहून खाण्याचा काही हक्क आहे की नाही?

याउलट घाटकोपर! तिथे आपणास कोणी काही विचारीत नाही. मी हे अधिकारवाणीने सांगतो, कारण गेल्या शनिवारी मी तिथे प्रथमच गेलो. (होय, प्रथमच. बोलणी करताना ज्या खाऊगल्लीचा मी दाखला दिला, ती मी तोवर पाहिली नव्हती. परंतु ज्यांनी हिमालय पाहिला नाही, तेही त्याच्या उंचीबद्दल बोलतातच.)

निमित्त केळवणाचे. माझी थोरली सून नीला ही सर्वेशची काकू; तेव्हा पुतण्याचे केळवण करणे हा तिचा मान. केळवण म्हणजे पाट, पानाभोवती रांगोळी, औक्षण, आहेर, असे मी तिला समजावू लागलो, तर ती म्हणाली, ‘बाबा, वीस माणसांचा स्वयंपाक कोण करणार? मी बँकेतून आठ वाजता येते. तुम्ही करता?’ मी चष्मा पुसू लागलो, याचा तिने बाहेर जेवण्यास होकार असा अर्थ लावला. सर्वेश म्हणाला, ‘काकू, एक नंबर! खाऊगल्लीतच करू ना! आजोबांनाच आवडते ती.’ माझ्याच वाक्याचा माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून उपयोग होत आहे, हे माझ्या ध्यानी आले. पण तोवर स्वरदाही नाहूरच्या तिच्या भाड्याच्या खोलीवरून निघालेली होती.

चंद्रप्रकाश नावाच्या गृहस्थांच्या डोशाच्या गाडीसमोर नीलाने लाल प्लास्टिकचे स्टूल मांडले, त्यावर कागदी ताटली ठेवली आणि पिशवीतून डबी काढून ताटलीभोवती रांगोळी घातली. निरांजन लावले, ते शेजारच्या पंख्याने विझले. पुन्हा लावले, पुन्हा विझले. तेव्हा चंद्रप्रकाशांनी तव्याखालच्या ज्वाळेवर वात पेटवून दिली व विचारले, ‘काय काकी, नवीन गाडी लावताय का? जागेचं बघा हां, इथे आधीच वाट लागलीय.’ केळवण आहे असे कळताच ते ओरडले, ‘अरे, नवरा-नवरी आहेत, साईड द्या!’ त्याचा परिणाम असा झाला, की साईड देण्यासाठी कोणी नव्हते तिथेही माणसे जमली आणि आमच्यामागे रांग लागली. पुढे काहीतरी फुकट मिळत आहे, असा रांगेचा समज होता. औक्षण झाल्यावर एका अनोळखी गुजराती भगिनीने, आमचा विधी अपुरा राहू नये म्हणून, शेजारच्या गाडीवरचे शहाळे घेऊन स्वरदाची ओटी भरली. शहाळे सोललेले होते. नळीही लावलेली होती. (स्वरदाने वाकून नमस्कार केला, तेव्हा थोडे पाणी माझ्या धोतरावर सांडले. आपल्या नातीचे वळण चांगले आहे, एवढेच म्हणतो.)

आता खाद्यपदार्थ. निवडीस तोटा नाही. फलकावर शंभरावर डोसे होते, आणि सर्व एकाच पिठाचे. मी साधा डोसा मागितला. चंद्रप्रकाश खिन्न होऊन म्हणाले, ‘काका, साधा कोण खातो? लोक हसतील मला.’ मग त्यांनी तव्यावर लोणी, कोबी, बीट, तांबडी चटणी, पनीर असा एक एक थर रचला आणि शेवटी चीज किसावयास घेतले. ते किसतच राहिले. मी हात आडवा केला, त्यावरही किसले. ताटली हाती आली तेव्हा मी नम्रपणे विचारले, ‘यात डोसा कोठे आहे?’

‘खाली आहे काका. शोधा ना, भेटेल.’

मला भेटला नाही. गोडाचा पदार्थ म्हणून नीलाने आईस्क्रीम घातलेला चॉकलेटचा डोसा मागविला. तो गरम होता व थंडही होता. तो काय होता, हे मात्र त्याने अखेरपर्यंत उघड केले नाही.

एवढ्यात रांगेतून पुकारा झाला, ‘उखाणा! उखाणा!’ आपली नात बिचकेल असे मला वाटले. तिने माझ्या ताटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

‘चीजच्या डोंगराखाली डोसा बसला दडून,
सर्वेशरावांना आंबोळी चारीन माझ्या आजोबांकडून!’

लोकांनी शिट्ट्या वाजविल्या. चंद्रप्रकाशांनी उलथन्याने तवा बडविला. मी मात्र पाहिले, की हसता हसता स्वरदाने पदर डोळ्यांना लावला, आणि त्या वेळी कांदा कोणी चिरीत नव्हते. घरी परतताना ती म्हणाली, ‘आजोबा, आमच्या आजोबांनी विमलाबाईंना नको म्हणून अजून सांगितलंच नाहीये. रोज संध्याकाळी सांगायला जातात नि आंबोळी खाऊन परत येतात.’ मी धोतरावरचा शहाळ्याचा डाग पाहू लागलो. नीलाने मात्र खिडकीबाहेर पाहत मोठ्याने घसा खाकरला. तिला खोकला नाही.

असो. भावनेच्या आहारी जाऊन निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. निवड, वेग, प्रकाशयोजना व ग्राहकाचे निनावीपण या सर्व कसोट्यांवर घाटकोपर श्रेष्ठ ठरते, हे वरील विवेचनावरून निर्विवाद सिद्ध झाले आहे. वरपक्षाचे मत कायम आहे. लोभ आहेच, तो ‘ठीक’पेक्षा लांब वाक्यात कळवावा.

आपला व्याही,
श्यामसुंदर

ता. क. कोल्हापूरच्या कंत्राटदारास विसार दिला नसेल, तर देऊ नये. दिला असेल, तर त्यास पाण्याची व्यवस्था सांगावी. चीज किसण्याचे कोणतेही साधन त्याने सोबत आणू नये.

पुन्हा ता. क. आपण पत्र मिळेल त्या संध्याकाळी विमलाबाईंकडे नेहमीप्रमाणे जावे आणि नेहमीप्रमाणेच काही न सांगता परत यावे. जाताना लग्नाची तारीख तेवढी त्यांच्या कानावर घालावी. त्यांना माझा नमस्कार सांगावा. त्या मला चांगल्या ओळखतात. (परतीच्या दिवशी सकाळी मी एकटाच तळ्याकाठी गेलो होतो. ‘फिरावयास’ असे आपणास म्हणालो, ते अंशतः खरे होते. येताना मला खरोखरच फिरावे लागले, कारण इतक्या आंबोळ्यांनंतर बसवत नव्हते.)

आणखी एक. हा बदल वधूपक्षाच्या हट्टाने झाला, असेच सर्वांस दिसले पाहिजे. वरपक्षाचा मान म्हणून मी पंगतीत एकदा मोठ्याने आक्षेप घेईन. आपण तो मनावर घेऊ नये. आणि मी आक्षेप घेत असताना विमलाबाईंनी वाढणे थांबवू नये.