तय्यबचा पांढरा

३ ऑक्टोबर
नाही, मला इथं कुणी ढकललेलं नाही. मीच मागून घेतलं हे दीपगृह. स्फाक्सच्या गोदीत ओझी उचलून पाठ मोडली, आता बसून दिवा लावायचा. मजा आहे! खोली कोरडी, खाली धक्का, धक्क्याला माझ्या हमादीची होडी. पोरगा रोज दिसणार.
काम सोपं. दिव्यापुढं तीन काचा. मधली साधी, एकीकडं लाल, एकीकडं हिरवी. होडीवाल्याला पांढरा दिसला की वाट बरोबर, सरळ यायचं. हिरवा दिसला तर उथळ वाळू. लाल दिसला तर पुढं खडक, वळायचं. झालं. याला शाळा कशाला लागते?

६ ऑक्टोबर
इथं रीत आहे, जाळ्यातला पहिला मासा दिवेवाल्याचा. पण हे लोक तो ठेवतात तय्यबच्या कबरीवर! तय्यब म्हणजे माझ्या आधीचा दिवेवाला. काचा मी पुसायच्या, मासा त्याला. हमादीसुद्धा तिथंच ठेवतो. वर म्हणतो, "बाबा, तय्यबचाचाचा पांढरा म्हणजे दूध. तुमचा जरा पिवळट वाटतो." सगळा धक्का हसला.

९ ऑक्टोबर
कबरीवरचा मासा उचलून आणला. हरिसा, म्हणजे लाल मिरचीचं वाटण, चोळून तळला, खाल्ला. मेलेल्याला काय चव कळते? चांगला होता.

१० ऑक्टोबर
दिवा लावला. लाल काचेतून पांढरा उजेड पडला. खडकांवर. काच काढून बघितली, लालभडक. परत बसवली. पांढराच. दुधासारखा.

११ ऑक्टोबर
पहाटे धक्क्यावरच्या सालेमची होडी खडकावर फुटली. पोहून आला. म्हणतो, पांढऱ्यातूनच येत होतो.
हमादीला म्हटलं, आज जाऊ नको, तो उजेड माझा नाही. तर म्हणे, "मेलेल्या माणसावर किती जळाल, बाबा? तुमच्या पिवळ्या दिव्यानंच सालेम फसला. तय्यबचाचा असता तर!" गेला.
ताजा मासा घेऊन कबरीवर ठेवला. माफी मागितली. खोलीत आलो तर मासा माझ्या ताटात. तळलेला.

संध्याकाळ
दिवा विझवला. पांढरा तसाच — खडकांवरच —
काचेवर कांबळं टाकलं. कांबळ्यातूनही —

हमादीची होडी वळली. तिकडंच. ओरडलो, घसा गेला. तो हात हलवतोय, मला नाही — माझ्या शेजारी कुणाला तरी —

पुढचं लिहिणार नाही. विचारू नका. नाही म्हणजे ना—