चुंबकाला चिकटलेली वडी

नागपूर, २ ऑक्टोबर १९७४

आदरणीय बाबांस,
प्रेमिलाचा स. जयभीम वि. वि.

तब्येत ठीक आहे, मन मात्र ठिकाणावर नाही. लँथॅनम आणि मँगनीजच्या ऑक्साइडची काळी वडी मी भट्टीत भाजते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती चुंबकाला चिकटत नाही. लँथॅनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं, की चिकटू लागते. माझी वडी चिमूटभर स्ट्रॉन्शियमनंच चिकटली. एवढ्या कमीत कुणाचीच चिकटली नव्हती. माझ्या मार्गदर्शक अरुंधतीबाई हरखल्या आणि आम्हा दोघींच्या नावानं त्यांनी मद्रासच्या परिषदेला निबंध धाडला.

काल सहज, स्ट्रॉन्शियम नसलेल्या वडीजवळ चुंबक नेला. तीही चिकटली. मग ध्यानात आलं. अकीक दगडाचा खल तडकला म्हणून मी सगळी पूड लोखंडी खलात घोटली होती. चिकटतंय ते घोटताना झिजून पुडीत उतरलेलं खलाचं लोखंड. बाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांची मान खाली जाईल, आणि माझं संशोधनही कदाचित तिथंच थांबेल. काय करू?

तुमची,
प्रेमिला


कन्हान, ६ ऑक्टोबर १९७४

चि. प्रेमिला हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुही चिठ्ठी खाणीतून आल्यावर वाचली. इकडे सारे मजेत. आम्ही जन्मभर मँगनीज खोदून राहिलो अन् तू त्याले भाजून राहिली, हे तुह्या आईले समजावता समजावता माही भाजी थंडी झाली.

आता कामाचं. चूक तुलेच दिसली, दुसऱ्या कोणाले नाही. मंग घाबरून काहून राहिली वं? बाई रागावतील तं रागावू दे. मद्रासले साऱ्यांपुढं उभं राहिल्यावर त्यायले समजलं, तं ते जास्त लागंल. सकाळीच जाऊन सांग. नाहीच जमलं तं घर हाये.

तुहा बाबा,
कवडू


नागपूर, ३ नोव्हेंबर १९७४

आदरणीय बाबांस,
स. जयभीम वि. वि.

सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. निबंध मागे घेत असल्याची तार त्यांनी माझ्यासमोरच लिहिली, आणि रसायन विभागातून अकीकाचा खल मागून आणला. मग आम्ही दोघी पाळीपाळीनं घोटत बसलो. बाईंचे हात माझ्याआधी दुखले, हे त्यांना सांगू नका.

काल भट्टी उघडली. बिनस्ट्रॉन्शियमची वडी चुंबकापाशी ढिम्म. चिमूटभरवालीही तशीच. पण भरपूर स्ट्रॉन्शियम घातलेली टुणकन जाऊन बसली. परदेशात लागतं तेवढंच लागलं, नवं असं काही नाही. तरी बाईंनी ती पुन्हा पुन्हा सोडवून पाहिली. मग म्हणाल्या, "प्रेमिला, हे चुंबकत्व आता तिचं स्वतःचं आहे. पुढचं काम इथूनच सुरू कर."

आईला जयभीम. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
प्रेमिला