खळ्यातलं विमान

मळा, ता. गंगाखेड
२ डिसेंबर १९८५

सौ. छबूस,

इकडं सगळं ठीक आहे. तुझी, कमलची, माणिकरावांची आणि लहानीची खुशाली बऱ्याच दिवसांत कळाली नाही, म्हणून लिहायलोय. परभणीला नामांतराचा बंद होता, त्यात टपाल अडकलं असेल, असं मी पोस्टमनला म्हणालो. तो म्हणतो, "काका, बंद एकच दिवस होता." त्याला कुणी विचारलं होतं?

माणिकरावांनी शेजारच्या बायनाबाईच्या राधाकिशनच्या ट्रकमधून पाठवलेला खोका पोचला. आत मिग-२१ विमानाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग आहेत. त्यांचे कुणी साहेब परदेशातून घेऊन आले म्हणे. सोबत चिठ्ठी होती, "मामा, तुम्ही घरी एकटे असता, तेवढाच वेळ जाईल." चिठ्ठी वाचली आणि खोका माळ्यावर टाकला. लेकराच्या हातात खेळणं कधी देतात? आई लवकर येणार नसली म्हणजे. एवढं मलाही कळतं. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेलीस, सव्वा महिना झाला, बारसं झालं, आता तर पोरगी रांगायला लागली असं राधाकिशन सांगत होता. मी काही विचारत नाही. तुझं तुला माहीत.

पण दम निघाला नाही. म्हटलं, जे विमान मी हवाई दलात इतकी वर्षं धुतलं-पुसलं, खोललं-जोडलं, ते या लोकांनी कसं केलंय बघावं तरी. खोका उघडला आणि डोकंच फिरलं. पायलट बसतो तिथं नुसता खुंटा. चाकाच्या पायाला ब्रेकची नळीच नाही. नाकावरची हवेचा वेग मोजणारी नळी एवढी जाड, की खऱ्या विमानाला लावली तर ते नाकावरच पडेल. पत्र्यांचे जोड दाखवायला अंगभर उंच रेघा काढल्यात. अगं, खऱ्या विमानात पत्र्याला पत्रा असा भिडतो की नुसतं नख फिरवल्यावर समजावं. आणि वर चिकटवायच्या खुणा कुठल्या देशाच्या आहेत देव जाणे. हे विमान म्हणून कुणाला दाखवायचं?

मग लागलो मागं. तुला माहीतच आहे, मी एकदा मागं लागलो की लागलो.

सगळ्या उंच रेघा पॉलिश पेपरनं घासून काढल्या आणि पट्टी धरून सुईनं बारीक खाचा पाडल्या. नाकावरची जाड नळी कापली, तिथं तुझ्या डब्यातली गोधडीची सुई बसवली. रागावू नकोस, एकच घेतली. ब्रेकच्या नळीला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीची तांब्याची तार लावली. भाग ज्या चौकटीला चिकटून येतात ती चौकट वाया जाते. तिचा तुकडा दिव्यावर धरून ताणला की केसासारखा धागा निघतो, त्याची एरियल केली. पायलटची खुर्ची दातांच्या पेस्टच्या संपलेल्या ट्यूबमधून कापली. तिचे पट्टेसुद्धा केले. पट्ट्याचं बक्कल डोळ्याला दिसत नाही म्हणून तिथं थांबलो.

आता खरी पंचाईत पुढं. मला कुठलंतरी मिग करायचं नव्हतं, माझ्याच हाताखालचं करायचं होतं. त्याची लांबी-रुंदी मला पाठ आहे. पण पोटाखाली कुठलं झाकण कुठं, कुठल्या झाकणाला ठिगळ होतं, ते काही पाठ केलेलं नसतं. ते हाताला माहीत असतं. नुसतं बसून आठवायला गेलं की दोन झाकणांची अदलाबदल व्हायची. म्हणून म्हटलं, पुरं विमानच काढावं. खळं रिकामंच आहे. चुन्याची फक्की घेतली, दोरी धरली आणि खऱ्या मापाचं विमान जमिनीवर काढलं. शेपूट मावेना, ते बांधावर गेलं.

मग त्यात जाऊन उताणा पडलो. हँगरमध्ये असंच पडावं लागायचं. डोळे मिटले, हात वर केले आणि स्क्रू सोडवायला लागलो. हात आपोआप जागेवर जायला लागला बघ. इथं हे, तिथं ते. ठिगळाचं झाकण डाव्या पंखाच्या मुळाशी होतं, मी उजवीकडं धरून बसलो होतो. लय बरं वाटलं. तसाच पडून राहिलो जरा वेळ.

डोळे उघडले तर उशाला बायनाबाई उभी. हातात ताकाचा तांब्या. चुन्याच्या रेघांत उताणा पडून आभाळाकडं बोटं फिरवणारा माणूस बघून तिचं काय झालं असेल सांग. तांब्या तिथंच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यासमोर लिंबू-मिरच्या.

"मावशी, विमान आहे ते," मी म्हणालो.

"समदे असंच म्हनतेत," ती म्हणाली. "भानामतीत मानसाला काईबी दिसतंय. घरात बाईमानूस नसलं की हे असंच व्हतं, लिंबाजीदादा. ते लिंबू ओलांडू नका."

मी आता मागच्या दारानं येतो-जातो. तिच्याशी कोण वाद घालणार.

बाकी वस्ती रिकामीच आहे. सगळे ऊसतोडीला गेले, म्हातारी माणसं तेवढी राहिलीत. ज्वारी पोटऱ्यात आली आहे. भाकरी काही मला गोल येत नाही, म्हणून भातच लावतो. दूध उरतं. मध्ये दोन-चार दिवस ताप होता, आता नाही. कमलला हे सांगू नकोस.

तुला तिथं अडचण होईल असं काही करू नकोस. लहानीला सांभाळ.

लिंबाजी

---

पुणे
२१ डिसेंबर

कमलच्या दादांना छबूचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. त्याच्या आधीच राधाकिशन येऊन गेला. त्यानं सांगितलं की आईनं तुमच्यावरून लिंबू उतरवलं, तुमी खळ्यात चुना वढून त्यात मेल्यावानी पडता. खरं सांगा, कुनी काई केलंय का तुमच्यावर? मग तुमचं पत्र आलं. कमलीनं वाचून दाखवलं आन ती हसायली. मला काई हसू आलं न्हाई.

तापाचं तिला सांगू नको म्हनून लिवता आन पत्र तीच वाचून दाखवती, एवढं तुमच्या ध्यानात आलं न्हाई. म्हनून हे पत्र मी माझ्याच हातानं लिवायले. चुकलं तर चुकलं. तपासू नका.

तुमी इमानावर एवढे पानं भरले. तापावर एक वळ. आन मला ये म्हनून कुटंच न्हाई.

माझं सांगते. कमलीची टेलिफोनातली नोकरी पाळीची हाय. रजा संपली. लेकराला कुनी बघावं? जावई लय चांगले हायेत, पन ते कारखान्यात. म्हनून मी ऱ्हायले. हे एक झालं. दुसरं बी लिवते, राग आला तर येऊ द्या. इथं मी भाकर केली की खातेत. जाड झाली, कड फुटली, कुनी म्हनत न्हाई. तुमी रिटायर होऊन घरी आले तसं मला घरात परीक्षेला बसल्यावानी व्हायचं. घागर कुटं ठेवली, वाती किती वळल्या, समदं तुमी बघायचे. मानूस वाईट न्हाई तुमी. पन सारखं कुनी बघायलं की हात चालत न्हाई.

आन एक. तुमी तेजपूरला होते, मग अंबाल्याला, मग आनिक कुटं. क्वार्टर मिळालं तवा मी आले, न्हाई मिळालं तवा मळ्यात ऱ्हायले. सासूबाई गेल्यावर कमली आन मी, दोघीच. कमली वसतिगृहात गेल्यावर मी एकलीच. तुमी आता ज्या घरात हाय त्याच घरात. त्याच वस्तीत, ऊसतोडीच्या दिवसांत. मला कुनी खोका पाठवला न्हाई.

हे टोमना म्हनून लिवलं न्हाई. लिवता लिवता आलं.

तुमाला इकडं या म्हनले असते. पन तुमी तर लेकीच्या घरचं पानी बी पीत न्हाई. कमलीच्या लग्नात भर मांडवात तुमी ते सांगितलं, ती अजून ते काढून रडती. म्हनून मी म्हनत न्हाई.

औषध घ्या. दुधात हळद टाकून प्या. बायनाबाईवर डाफरू नका, तीच एक हाय तिथं तुमाला बघायला.

छबू

---

मळा, ता. गंगाखेड
९ जानेवारी १९८६

छबू,

पत्र मिळालं. तपासलं नाही. तीनदा वाचलं, पण तपासलं नाही.

आधी तुझी काळजी मिटवतो. कुणी काही केलेलं नाही. ताप गेला. हळदीचं दूध घेतो. बायनाबाईला मी स्वतः जाऊन सांगितलं, की मावशी, तुझ्या लिंबानं उतार पडला. ती खूश झाली. आता रोज ताक देते आणि जाताना खळ्याकडं एकदा बघून घेते. चुना मी झाडून टाकलाय, तरी बघते.

विमान झालं. एसटी स्टँडमागच्या पंडित पेंटरकडून चंदेरी रंग मारून घेतला. ठिगळाचं झाकण मी मुद्दाम जरा मळकं ठेवलं, ते तसंच असायचं. पंखांवर आपली तिरंगी गोल खूण स्वतः काढली. बाहेरचं केशरी मिळेना, मग पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला रंग उरला होता तो पातळ करून लावला. ठेवलंय कोनाड्यात. चूक नाही. म्हणजे मला तरी सापडत नाही.

पंडित बघून "लय ब्येस" म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला. बायनाबाईनं लांबूनच हात जोडले. झालं. इतके दिवस खपलो, आणि नंतर कोनाड्यासमोर खाट टाकून बसलो तर काही वाटेनाच. मला वाटलं होतं, आपलं विमान परत आलं की बरं वाटेल. विमान आलं, पण त्याला हात लावायला सकाळी सोबत निघायचे ते लोक कुठं आहेत? चहाची किटली घेऊन येणारा कुठं आहे? आणि संध्याकाळी क्वार्टरला गेलं की दारात उभी असायची ती तर पुण्यात आहे.

हवाई दलात आमच्याकडं एक कायदा होता. ज्यानं काम केलं त्यानंच ते पास करायचं नाही. दुसऱ्यानं तपासायचं, मग सही. मी बरीच वर्षं दुसऱ्यांचं तपासण्याच्या कामावर होतो. घरी आलो तर तेच काम करत राहिलो. घरी त्या कामावर मला कुणी नेमलेलं नव्हतं. एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर तुला वाटेल, ताप परत आला.

आता तू लिहिलंस त्याबद्दल. टोमणा म्हणून घेतलं नाही. पण तेव्हापासून दिवेलागणीला मी घरात फिरतो आणि विचार करतो, की ही वेळ तू इथं कशी काढायचीस. चार वाजेपर्यंत माणूस कशात तरी असतो. मग गुरं बांधून होतात, हातपाय धुऊन होतात, दिवा लागतो, आणि पुढं काय? रेडिओ लावला की तो दुसऱ्यांशी बोलतो. जेवायला दोन ताटं घेतो आणि एक परत ठेवतो. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. तू काय करायचीस? मला खरंच माहीत नाही. तुझी पत्रं यायची त्यात पाऊस, पीक, कमलचा अभ्यास एवढंच असायचं. आणि शेवटी "माझी काळजी नसावी." मी ते वाचून काळजी करत नव्हतो. ते खरं असतं असं मला वाटायचं.

मला इथं करमत नाही, छबू. लिहायला लाज वाटत होती, आता लिहिलं.

तू ये असं मी म्हणणार नाही. लेकराला सोडून कशी येशील, आणि आलीस तरी कशाला येशील, हे तुझ्या पत्रात आलंच आहे. म्हणून दुसरंच विचारतो. लेकीच्या घरी बापानं राहू नये, असं आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलं. मांडवात मीच ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कमल अजून रडते हे मला तुझ्याकडून कळलं, ती मला कधी बोलली नाही. ज्वारी राधाकिशनच्या भावाला बटाईनं देता येईल. गुरं बायनाबाई बघते म्हणाली, मी विचारून ठेवलंय. विमान इथंच कोनाड्यात राहील.

तिथं मी लहानीला झोका देईन. दळण आणीन. तुमच्या दोघींच्या कामाकडं बघत बसणार नाही. सवय आहे, एखाद्या वेळी तोंडून निघालं तर तू मला बाहेर चक्कर मारायला पाठव. जागा कमी असेल तर मला पडवी चालते, जमीन चालते.

तू कमलला विचार. माणिकरावांना विचार. पण आधी तू स्वतः काय म्हणतेस ते लिही. नको असेल तर नको लिही. त्यातही राग नाही, मी इथं निभावून नेईन, तू नेलंस तसंच. फक्त "माझी काळजी नसावी" असलं काही लिहू नकोस.

मी तिकडं येऊ का?

पोस्टमनला रोज विचारून त्याला हैराण केलेला,
तुझा
लिंबाजी